पडद्यामागची विद्या आणि तिचे जतन

जुन्या मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत नाटकाच्या पुस्तकांना मानाचे स्थान लाभले आहे. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटके वाचकांच्या पिढ्यांनी आवडीने वाचली. तथापि छापील संहिता हा नाट्यप्रयोगाचा केवळ एक अंश होय. त्या शब्दांमागे कोणता पडदा होता, तो कोणी रंगविला, रात्रीचा प्रवेश दिव्यांच्या कोणत्या योजनेने साधला, हे संहिता सहसा सांगत नाही. लेखकाची विद्या छापखान्यामुळे घरोघरी पोहोचली. चित्रकार, सुतार, दिवेवाले यांची विद्या मात्र कंपनीच्या सामानाच्या पेट्यांत आणि उस्तादाच्या हातांतच राहिली.

1843 मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा देखाव्यांचा प्रपंच फारसा नव्हता. स्थळाचे वर्णन सूत्रधाराच्या पदांतून होई आणि उजेड तेलाच्या दिव्यांचा असे. पुढे पारशी कंपन्यांच्या भपकेदार प्रयोगांमुळे प्रेक्षकांच्या डोळ्यांना चित्रित पडद्यांची सवय लागली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या संगीत नाटकांच्या काळात राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य असे रंगविलेले पडदे हे प्रत्येक कंपनीचे भांडवल झाले. कापडावर सरस व खडूचा हात द्यावयाचा, तो वाळल्यावर भुकटीचे रंग सरसात कालवून देखावा उठवावयाचा आणि मुक्काम हलला की पडदा वेळूभोवती गुंडाळावयाचा, अशी ही रीत होती. सततच्या गुंडाळण्याने रंगांचे पोपडे निघत व दमट हवेने कापड कुजे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवीत असत. बाबूरावांचे नाव चित्रपटांमुळे सर्वतोमुखी झाले. त्या पडद्यांची आठवण मात्र अभ्यासकांपुरतीच उरली.

या तंत्राचा परिणाम थेट नाट्यलेखनावर झाला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. दरबाराचा मोठा देखावा मांडावयास वेळ लागे. तेवढ्या अवकाशात पुढच्या बाजूस रस्त्याचा पडदा सोडून त्यापुढे दोन नोकरांचा किंवा वाटसरूंचा विनोदी प्रवेश करीत. आज पुस्तकात वाचताना असा प्रवेश अकारण घुसडलेला वाटतो. पडद्यामागे सामान हलविण्याचा आवाज चालू आहे, ही कल्पना केली म्हणजे त्याचे प्रयोजन उलगडते. तंत्राची माहिती नसेल, तर साहित्याचा निवाडाही अशा रीतीने चुकतो.

1908 मध्ये केशवराव भोसले यांनी हुबळीस स्थापन केलेल्या ‘ललितकलादर्श’ने पुढचे पाऊल टाकले. बापूराव पेंढारकरांच्या कारकिर्दीत 1922 साली मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आले, तेव्हा चित्रकार पु. श्री. काळे यांनी तीन भिंतींची, दारे-खिडक्या असलेली खोली उभी केली. अशी खोली क्षणोक्षणी बदलता येत नाही. म्हणून एका अंकात एकच प्रवेश ही रचना सोयीची ठरली. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात तिला ठाम रूप आले. विशेष म्हणजे काळे यांनी ‘ललितकलेच्या सहवासात’ या पुस्तकातून आपल्या अनुभवांची नोंद करून ठेवली. पडद्यामागच्या माणसाने स्वतः लेखणी हाती घेतल्याची अशी उदाहरणे आपल्याकडे थोडीच आहेत.

दिव्यांची कथाही अशीच आहे. तेलाच्या दिव्यांनंतर किटसन बत्त्या आल्या आणि मग वीज आली. परंतु प्रकाश हळूहळू मंद करण्याचे विलायती यंत्र हौशी मंडळांना परवडणारे नव्हते. त्यांनी मिठाच्या पाण्याचा डिमर वापरला. चिनी मातीच्या नळ्यात खारट पाणी भरून तळाशी धातूची एक पट्टी ठेवीत व दुसरी वरून दोरीने खाली-वर करीत. पट्ट्या जवळ आल्या की दिवा उजळे, दूर गेल्या की मंदावे. पाणी तापे, क्वचित उकळेही, आणि विजेचा धक्का बसण्याचे भय सदैव असे. एका मंडळाचे पाहून दुसऱ्याने शिकावे, अशा मार्गाने ही युक्ती गावोगाव पोहोचली.

सीमाभागातील वाचकांस आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. 1962 मध्ये आलेल्या आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ मधील लखोबा लोखंडे हा स्वतःस निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवतो. न्यायालयातील साक्ष आणि साक्षीदाराच्या हकीकतीतील स्थळ यांची अदलाबदल क्षणार्धात व्हावी, म्हणून मो. ग. रांगणेकरांनी फिरत्या रंगमंचाची योजना केली. साक्ष संपते न संपते तोच दुसरे घर प्रेक्षकांपुढे येई. प्रभाकर पणशीकरांच्या अभिनयाची वाखाणणी सर्वत्र झाली. पण रंगमंच फिरविणाऱ्या हातांची दखल कितीशी घेतली गेली?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूचा मोठा भाग जळाला. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. दगडी वास्तूची ही गत, तर कापडी पडदे आणि कागदी आराखडे यांचा भरवसा कोणी द्यावा?

यावर उपाय ग्रंथालयांच्या आवाक्यातला आहे. गावातील नाट्यमंडळांनी प्रत्येक प्रयोगानंतर रंगमंचाचा मापांसह आराखडा, दिव्यांची यादी व क्रम, वेशभूषेची रेखाटने, छायाचित्रे आणि हस्तपत्रक यांची एक प्रत ग्रंथालयाकडे द्यावी. ग्रंथालयाने ती त्या नाटकाच्या पुस्तकाशेजारी ठेवावी व मागेल त्यास दाखवावी. जुन्या कारागिरांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात. असे झाले तर नवख्या मंडळास प्रत्येक वेळी नव्याने धडपडावे लागणार नाही, आणि पुढच्या शतकातील वाचकास नाटकाच्या शब्दांबरोबरच ते कोणत्या उजेडात बोलले गेले, हेही कळेल.