नियमशास्त्र आणि ख्रिस्ती आचार

नियमशास्त्र आणि ख्रिस्ती आचार : मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत इस्राएल लोकांना घालून दिलेले नियम ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहेत काय, असल्यास कोणते, याविषयीचा विचार व त्यातून घडलेली आचारपरंपरा. या पुस्तकांत दहा आज्ञांच्या सोबतीने सुंता, शब्बाथ, भक्ष्याभक्ष्य, अर्पणे, विटाळ, चोरीची भरपाई, कर्जमाफी, गुलामांची सुटका असे सारे एकत्र येते. ज्यू परंपरेने आज्ञांची संख्या ६१३ मानली. त्यांपैकी २४८ विधी आणि ३६५ निषेध. नीती, उपासना आणि न्यायव्यवहार असे वेगळे कप्पे मूळ ग्रंथात नाहीत. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा येते आणि लगेच पुढच्या वचनात दोन जातींच्या जनावरांचा संकर व दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र निषिद्ध ठरते. कप्पे पुढे ख्रिस्ती शास्त्र्यांनी पाडले, आणि प्रत्येक मंडळीने ते आपापल्या ठिकाणी पाडले. या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या सीमारेषांचा इतिहास आहे.

नव्या करारातील भूमिका : येशू स्वतः ज्यू होता आणि नियमशास्त्राच्या चौकटीतच बोलत होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो नियमशास्त्र मोडायला नव्हे तर पूर्ण करायला आल्याचे सांगतो. मार्काच्या सातव्या अध्यायात मात्र त्याच्या एका वचनावर लेखकच टिपणी जोडतो, की असे म्हणून त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवले. दोन्ही बाजूंचे वादी आजही याच दोन जागांवरून भांडतात.

खरा पेच उभा राहिला तो ज्यू नसलेले लोक, म्हणजे परराष्ट्रीय, मंडळीत येऊ लागल्यावर. त्यांची सुंता करायची काय? इ.स. ४९-५० च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित व वडीलजन जमले. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पंधराव्या अध्यायानुसार पेत्र, पौल व बर्णबा यांचे म्हणणे ऐकून यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निर्णय दिला : सुंतेची सक्ती नाही, मात्र मूर्तींना वाहिलेले अन्न, जारकर्म, गळा दाबून मारलेला प्राणी आणि रक्त ही चार वर्ज्ये परराष्ट्रीयांनीही पाळावीत. इस्राएलात राहणाऱ्या परक्यांना लेवीय पुस्तकाने जे नियम लावले त्यांच्याशी ही यादी बरीच जुळते. निर्णय झाला तरी कटकट मिटली नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडची माणसे येताच तो मागे सरला, आणि पौलाने त्याला चारचौघांत खडसावले. ही हकिकत पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पंक्तिभेदावरून समाज कसे फुटतात, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, हे पौलाचे सूत्र गलती व रोम येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत आहे. तरीही रोमकरांस पत्रात तो नियमशास्त्राला पवित्र म्हणतो आणि प्रीतीत त्याची पूर्तता पाहतो. ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ मधील ग्रंथानंतर पौलाकडे पाहण्याची रीत बदलली. त्या काळचा ज्यू धर्म पुण्याचा हिशेब मांडत बसलेला नव्हता, नियमपालन हे देवाशी झालेल्या करारात टिकून राहण्याचे साधन होते, असे सँडर्स यांनी दाखवले. परूशी या ज्यू पंथाचे ‘कर्मठ परूशी’ हे प्रवचनांतले ठरीव चित्र त्यामुळे बरेच खिळखिळे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

रक्ताचा निषेध : प्रेषितांनी स्पष्ट शब्दांत घातलेल्या या बंधनाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वेकडील चर्चने ते राखले. ६९२ च्या त्रुल्लो येथील परिषदेने कोणत्याही प्राण्याचे रक्त शिजवून खाण्यास मनाई केली. पश्चिमेत ते हळूहळू सुटले. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑगस्टीन लिहितो, की रक्त न काढलेला पक्षी किंवा मानेवर फटका मारून मारलेला ससा खायला आता कोणी कचरत नाही, आणि जो कचरतो त्याला लोक हसतात. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये या व्यवहाराला शास्त्राधार दिला : ज्यू व परराष्ट्रीय एकत्र यावेत म्हणून तो नियम त्या काळापुरता होता, ते कारण संपले आणि नियमही संपला. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला होणाऱ्या सोरपोतेलात डुकराचे मांस व काळीज असते, आणि जुन्या पद्धतीत रक्तही घालतात. लेवीय पुस्तकाचे दोन निषेध एकाच हंडीत मोडले जातात आणि लॅटिन परंपरेत त्यात काहीही गैर नाही. यहोवाचे साक्षीदार मात्र प्रेषितांच्या याच निर्णयाच्या आधारे १९४५ पासून रक्त चढवून घेणेही वर्ज्य मानतात.

शब्बाथ आणि इथिओपिया : कोकणातील शनवार तेली ज्यूंमुळे शनिवारचा शब्बाथ मराठी माणसाला ऐकून ठाऊक आहे. ख्रिस्ती मंडळ्यांनी पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला. कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये त्या दिवशी न्यायालये व शहरांतील कामधंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला, शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली. चौथ्या शतकात लाओदिकियाच्या परिषदेला शनिवारी काम न करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना ‘ज्यूंसारखे वागू नका’ अशी ताकीद द्यावी लागली. त्या काळीही बरेच लोक शनिवार पाळत होते, हे या ताकिदीवरूनच कळते.

इथिओपियाच्या चर्चने दोन्ही दिवस पाळले. तेथेही वाद झाला : शनिवारचा आग्रह धरणारा एवोस्ततेवोस हा मठवासी चौदाव्या शतकात देश सोडून आर्मेनियात गेला आणि तिकडेच वारला. त्याच्या अनुयायांची बाजू अखेर जिंकली आणि १४५० मध्ये सम्राट झारा याकोबच्या पुढाकाराने देब्रे मित्माक येथील सभेने शनिवार व रविवार दोन्ही मान्य केले. आठव्या दिवशी सुंता आणि डुकराचे मांस वर्ज्य हेही तेथे चालत आले आहे. सोळाव्या शतकात गोव्याहून गेलेल्या जेझुइटांना यात ज्यू धर्माचा वास आला. त्या आरोपांना सम्राट गलावदेवोसने १५५५ मध्ये आपल्या ‘विश्वासकबुली’त उत्तर दिले. आम्ही शनिवार ज्यूंसारखा पाळत नाही, त्या दिवशी प्रभुभोजन करतो, असे तो म्हणतो. आणि सुंता हा नुसता देशाचार आहे, जसे न्यूबियात चेहऱ्यावर वण करतात आणि हिंदुस्थानात कान टोचतात. आचार तोच ठेवून त्यामागचे कारण बदलण्याचा इतका चतुर नमुना या साऱ्या वादात दुसरा नाही. १६२२ मध्ये सम्राट सुसेन्योसने रोमचे आधिपत्य मान्य करून हे आचार बंद पाडायचा प्रयत्न केला. बंडाळी माजली, आणि १६३२ मध्ये त्याला जुना धर्म परत देऊन गादी सोडावी लागली.

गोव्यातील इन्क्विझिशन : इथिओपियात जे सम्राट गलावदेवोसला जमले ते गोव्यातील प्रजेला शक्य नव्हते. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर झाले. त्यांच्या वंशजांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायासनापुढे, मोशेचे नियमशास्त्र छुपेपणाने पाळणे हा बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा पाखंड ठरे. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणे, शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, डुकराचे मांस टाळणे एवढ्यावरूनही संशय येई. हिंदुस्थानी औषधींवरचा प्रसिद्ध संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली गेली. हिंदू रीतिरिवाज न सोडलेल्या ख्रिस्तींवरही याच न्यायासनात खटले चालले, पण तो स्वतंत्र विषय आहे.

नियमांचे वर्गीकरण : तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने नियमशास्त्राचे नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग केले. नैतिक भाग सर्वांना लागू. विधी ख्रिस्तानंतर मृत, आणि ते धर्मबुद्धीने पाळणे घातकही. न्यायविषयक नियमही मृत, पण एखाद्या राजाने ते आपल्या राज्यात लावले तर त्यात पाप नाही. ही मांडणी सोयीची असल्याने ती प्रॉटेस्टंटांनीही उचलली. कोणता नियम कोणत्या भागात घालायचा, यावर मात्र एकमत झाले नाही. कोरीव मूर्तीची मनाई कॅथलिक व ल्यूथरन पहिल्या आज्ञेतच धरतात, तर कॅल्व्हिनच्या परंपरेत ती स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे. व्याजबंदीचेही तेच. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने माफक व्याजाला वाट करून दिली, आणि पुढे कॅथलिक चर्चनेही विरोध सोडला.

धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथरने मोशेचा कायदा हा ज्यूंचा देशी कायदा आहे, सॅक्सन लोकांना त्यांचा स्वतःचा कायदा आहे, असे रोखठोक सांगितले. दहा आज्ञा मात्र त्याने आपल्या प्रश्नोत्तरीच्या आरंभीच घातल्या. योहान आग्रिकोलाने नियमशास्त्राला चर्चमध्ये जागाच नको म्हटले, तेव्हा ल्यूथर त्याच्यावर तुटून पडला. कॅल्व्हिनने नियमशास्त्राचे तीन उपयोग सांगितले : पापाची जाणीव देणे, दुष्टांना आवर घालणे आणि श्रद्धावंताला मार्ग दाखवणे. त्याच्या मते तिसरा मुख्य. न्यू इंग्लंडमधील प्युरिटन यापुढे गेले. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या संहितेत देहान्ताच्या गुन्ह्यांसमोर जुन्या करारातील वचनांचे हवाले दिलेले आहेत. अमेरिकेत आर. जे. रशडूनी यांनी १९७३ मध्ये बायबलच्या कायद्यावर मोठा ग्रंथ लिहून आधुनिक राज्यानेही तो राबवावा असे प्रतिपादले. त्यांचे अनुयायी थोडे असले, तरी तेथील उजव्या राजकारणावर या विचाराची छाया पडली.

शनिवार पाळणारे प्रॉटेस्टंट याहून मवाळ आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सेव्हन्थ डे बाप्टिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याकडून हा विचार अमेरिकेतील सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांकडे गेला. या पंथाची रीतसर संघटना १८६३ मध्ये झाली. ॲडव्हेंटिस्ट सुंता व अर्पणे सोडतात, पण चौथी आज्ञा नैतिक नियमांतच मोडते असे मानून शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. त्या काळात रुग्णसेवा चालते, व्यापार नाही. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे डुक्कर व शिंपल्यांतील मासे ते खात नाहीत आणि शाकाहाराला उत्तेजन देतात. पुण्यातील स्पायसर ही त्यांची भारतातील जुनी शिक्षणसंस्था असून आता तिला विद्यापीठाचा दर्जा आहे.