देवयानी आकाशात कशी गेली?

कार्तिक-मार्गशीर्षात रात्रीच्या पहिल्या प्रहरी उत्तरेकडे दृष्टी टाकली, तर 'एम' अक्षराच्या आकाराचे पाच ठळक तारे सहज ओळखता येतात. ही शर्मिष्ठा. तिच्या दक्षिणेस देवयानी, पूर्वेस ययाती आणि वायव्येस वृषपर्वा. ही नावे कानी पडताच महाभारताचे आदिपर्व आठवते आणि हे तारकासमूह व्यासकाळापासून आपलेच असावेत, अशी समजूत होते. वस्तुस्थिती निराळी आहे, पण ती अधिक मनोरंजक आहे.

श्रोतेहो, या आकृती ग्रीकांच्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ४८ तारकासमूहांची यादी दिली, तीत हे चौघेही आहेत. सेफियस हा इथिओपियाचा राजा, कॅसिओपिया त्याची राणी. सागरकन्यांहून आपण अधिक रूपवती आहोत, असा गर्व राणीने केला. समुद्रदेव पोसायडन कोपला व त्याने राज्यावर एक जलराक्षस सोडला. त्याला शांत करण्यासाठी राजकन्या अँड्रोमेडा हिला खडकाशी साखळदंडांनी जखडण्यात आले. वीर पर्सियसने राक्षसाला मारून तिला सोडविले व तिच्याशी विवाह केला.

अर्वाचीन काळी पाश्चात्त्य ज्योतिष मराठीत उतरू लागले, तेव्हा या नावांना प्रतिशब्द हवे होते. आपल्या प्राचीन ज्योतिषाचा भर चंद्रमार्गावरील सत्तावीस नक्षत्रांवर. ध्रुवाजवळच्या या आकृती त्यांत नव्हत्या. तेव्हा कथेला कथा शोधली गेली. शर्मिष्ठेनेही पित्याच्या वैभवाचा गर्व केला आणि देवयानीला विहिरीत लोटले. ययातीने हात देऊन तिला वर काढले. गर्व, संकट आणि सुटका हा धागा दोन्हीकडे सारखाच. नाती मात्र जुळत नाहीत. कॅसिओपिया अँड्रोमेडेची माता, तर शर्मिष्ठा देवयानीची सखी व पुढे सवत. सेफियस कॅसिओपियाचा पती, तर वृषपर्वा शर्मिष्ठेचा पिता.

तथापि आकाशाचा हा भाग आपल्या पूर्वजांना अपरिचित होता, असे नव्हे. उत्तराभाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांपैकी एक तारा म्हणजेच आजच्या देवयानीचे मस्तक. तारा एकच, ग्रीकांनी त्यात बंदिवान राजकन्या पाहिली, आपण चंद्राचा मुक्काम पाहिला.

स्थलभेदाने आकाशही बदलते. गर्वाची शिक्षा म्हणून कॅसिओपिया ध्रुवाभोवती डोके खाली करून फिरते, अशी ग्रीक कल्पना. आज सुमारे ३८ अक्षांशांवरील अथेन्सहून ती कधीच मावळत नाही. इकडे भिलाई २१ अक्षांशांवर. येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर दिसतो आणि शर्मिष्ठा रोज क्षितिजाखाली जाते. आपल्या आकाशात तिची शिक्षा थोडी सौम्य झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

भिलाईत हा विचार विशेष सुचतो. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या येथील कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. विद्या बाहेरून आली, म्हणून येथले पोलाद परके ठरले नाही. आणि ते आपले ठरावे म्हणून ती विद्या येथलीच होती, असे सांगण्याचीही कोणास गरज भासली नाही. ताऱ्यांच्या नावांबाबतही हाच न्याय लावावा. आकृती ग्रीकांच्या, कथा व्यासांची आणि दोहोंचा मेळ घालणारी रसिकता अर्वाचीन. मुलांना देवयानी दाखविताना या तिन्ही गोष्टी सांगाव्यात. ऋण मान्य केल्याने वारसा उणा होत नाही. खोट्या प्राचीनत्वाने मात्र त्याची विश्वासार्हता जाते.