छायाचित्र-नोंदी आणि मांसभक्षक संवर्धन (गौताळा परिसर)

कन्नड–चाळीसगाव डोंगरांतील गौताळा औट्रमघाट अभयारण्यात (स्थापना 1986) मार्च 2021 मध्ये कॅमेरा ट्रॅपने एक वाघ टिपला. पट्टे जुळवल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. फोटोखेरीज हा प्रवास कळला नसता. वाघाचे पट्टे, बिबट्याचे ठिपके जनावरागणिक वेगळे असतात. डाव्या कुशीवरची नक्षी उजवीकडे नसते, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. संगणक अशी जुळणी झपाट्याने करतो, तरी शेवटचा निर्वाळा जाणकाराच्या डोळ्यांनीच द्यावा.

याच परिसरातील पितळखोरे लेण्यांकडे निघालेल्या प्रवाशाचा फोटोही तारीख, वेळ आणि ठिकाण असेल तर पुरावा ठरतो. प्रवासी रस्त्यालगतच फिरतात, तेव्हा अशा फोटोंवरून संख्या काढता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण जनावर घाटरस्ता नेमका कुठे ओलांडते, हे रस्त्यावरूनच दिसते, आणि वाहनांच्या धडकेपासून त्याला वाचवायचे तर हीच माहिती मोलाची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फोटोत दडलेले जीपीएस शिकाऱ्याला वाट दाखवू शकते. म्हणून अचूक जागा फक्त वनविभागाला कळवावी. समाजमाध्यमांवर तालुक्याचे नाव पुरे.