बोलक्या बाहुल्यांचे मौन

१/ १९६८ साली अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने बोलणारी बार्बी बाजारात आणली. पाठीवरची कडी ओढून सोडली, की ती प्रॉमला काय घालावे असे विचारी किंवा फॅशन मॉडेल असण्याचा आनंद सांगे. आज संग्राहकांच्या हाती येणाऱ्या या बाहुल्यांपैकी बहुतेक मुक्या आहेत. त्यांचा आवाज कुठे गेला?

२/ आधी यंत्र पाहू. बाहुलीच्या धडात इवलीशी तबकडी, सुई आणि स्प्रिंग असे, बॅटरी नसे. दोरी ओढली की स्प्रिंगला ताण बसे आणि दोरी आत परतताना तबकडी फिरे. सुई ज्या खाचेत पडेल ते वाक्य ऐकू येई. गतीची मदार एका लहानशा रबरी पट्ट्यावर होती.

३/ दोष तिथेच होता. काळाच्या ओघात रबर चिकट होऊन विघटित होते, आणि तबकडी शाबूत असूनही फिरत नाही. त्यामुळे खोक्यातून कधीही बाहेर न काढलेली बाहुलीसुद्धा मुकी होते. न वापरणे म्हणजे जतन करणे नव्हे, हा पहिला धडा.

४/ दुसरा दोष पायांचा. पाय धडाला जोडणारे प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते आणि पाय गळून पडतात. खरेदीपूर्वी जाणकार कंबरेचा सांधा आधी तपासतात तो यासाठीच.

५/ तिसरा दोष केसांचा, आणि इथे इतिहास गुंतलेला आहे. १९६८ सालीच बार्बीची कृष्णवर्णीय मैत्रीण ख्रिस्ती आली, तीही बोलणारी. आदल्या वर्षीची कृष्णवर्णीय बाहुली ‘फ्रॅन्सी’ या गोऱ्या बाहुलीचेच नाव घेऊन आली होती. ख्रिस्तीला स्वतःचे नाव आणि आवाज होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती.

६/ ख्रिस्तीचे गडद केस कालांतराने लालसर होतात. नवखा संग्राहक तोच मूळ रंग समजू शकतो. म्हणजे जिच्या असण्यालाच ऐतिहासिक अर्थ होता, तिचे रूप आणि आवाज दोन्ही काळाने बदलले.

७/ हे दुखणे जुने आहे. थॉमस एडिसनच्या कंपनीने १८९० मध्ये फोनोग्राफ बसवलेली बाहुली विकायला काढली. मेणाची ध्वनिमुद्रणे झिजली, यंत्रे बिघडली आणि काही आठवड्यांतच उत्पादन थांबले. त्यांतील काही आवाज २०१५ मध्ये जगाला पुन्हा ऐकता आले: सुई न टेकवता, खाचांच्या सूक्ष्म प्रतिमांवरून संगणकाने ते उभे केले.

८/ १९६८ च्या बाहुलीची दुरुस्ती मात्र सोपी नाही. दोन भाग जोडून बनवलेले धड उघडावे लागते, आणि उघडले की मूळ जोड कायमचा जातो. शिवाय नव्या पट्ट्याने तबकडीची गती बदलली, तर आवाजाची पट्टीही बदलते. मुकी पण अस्सल बाहुली ठेवावी, की बोलती पण उघडलेली? संग्राहकांत याबाबत एकमत नाही.

९/ दोन्ही बाजूंना मान्य असावे असे एकच पथ्य आहे: केलेली दुरुस्ती लिहून ठेवणे. पट्टा कधी बदलला, धड कुठून उघडले, केसांचा मूळ रंग कोणता, ही नोंद नसेल, तर पुढचा अभ्यासक दुरुस्तीलाच इतिहास समजेल.