देवाचा दरबार
देवाचा दरबार : ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये सातारा येथे स्थापन केलेला ख्रिस्तानुयायांचा बंधुसंघ. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंनाही त्यात स्थान होते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

त्या काळी सवर्ण व्यक्तीने बाप्तिस्मा घेणे म्हणजे बहुधा घर व जात यांना मुकणे असे. टिळक ब्राह्मण कुटुंबातील होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जात असता आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी आदराने संभाषण करून त्यांना ‘नवा करार’ दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी एका देशी पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे लगेच सोडले नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये राहुरी येथे झाला. हे मनःपरिवर्तन त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात आले आहे.

धर्मांतराने सर्व भेद मिटत, असे मात्र नव्हे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्यातील परस्पर दुरावा चर्चमध्येही टिकून राहिला. पैसा व अधिकार हाती असलेले परदेशी मिशनरी आणि त्यांचे पगारी देशी सेवक यांच्यातील अंतर हा दुसरा भेद होता. टिळकांना दोन्ही सलत. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून व संन्यस्त वृत्ती स्वीकारून त्यांनी दरबार स्थापिला. संतपरंपरेतील अभंग व कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्तभक्तीत आधीच स्थान दिले होते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती.

बाप्तिस्म्याविना शिष्यत्व ही कल्पना रूढ चर्चशिस्तीत बसणारी नव्हती. शिवाय दरबाराचा भार मुख्यतः टिळकांच्याच व्यक्तिमत्त्वावर होता. ९ मे १९१९ रोजी ते निधन पावले आणि अवघ्या दोन वर्षांत संघाचा आधार गेला.

टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. पुढे पुण्यात स्थिरावलेल्या त्याच्या आश्रमात भारतीय व युरोपीय एकत्र राहत. व्हेरिअर एल्विन हेही तेथे काही काळ होते. विन्स्लोंच्या संघाने वंशभेद ओलांडला. बाप्तिस्म्याची सीमा ओलांडण्याचा टिळकांचा प्रयत्न मात्र मराठी ख्रिस्ती इतिहासात वेगळा ठरतो.