चांदीच्या ताटावर कोणाचे नाव?

जुनी चांदीची भांडी लिलावात येतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक वंशावळही येते. घडवली कोणी, पहिला मालक कोण, नंतर कोणत्या घराण्यात गेली. कलाबाजारात तिला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. पहिला मालक राजघराण्यातला निघाला की किंमत चांदीच्या भावाच्या कितीतरी पट होते. धातू तोच, पण कोणत्या घरात जन्मला यावरून मोल ठरते. ही रीत आम्हाला नवी नाही. म्हणूनच अशा वंशावळीत कोणाचे नाव नाही, ते आम्ही आधी पाहतो.

‘ऑर्लोव्ह सर्व्हिस’ नावाचा प्रसिद्ध भोजनसंच घ्या. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७७० मध्ये तो पॅरिसच्या रोएतिये या कारागीर घराण्याकडून घडवून घेतला. सुमारे ३,००० नग होते. १७७२ मध्ये तिने तो ग्रिगोरी ऑर्लोव्हला भेट दिला. १७६२ मध्ये तिला सत्तेवर बसवणाऱ्या कटातला हा प्रमुख माणूस. १७८३ मध्ये तो वारला आणि तिने संच परत विकत घेतला. पुढे सोव्हिएत सरकारने परकी चलनासाठी त्यातले बरेच नग विकले. आज काही पॅरिसच्या, काही न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत. सम्राज्ञी, सरदार, सरकार, संग्राहक. वंशावळ संपली.

पण पैसा कोणाचा? रशियाच्या खजिन्याचा मोठा आधार होता डोईपट्टी. ती शेतकरी आणि भूदास भरत. सरदारांना ती माफ होती. भूदास जमिनीबरोबर विकला जाई, आणि हीच कॅथरीन मर्जीतल्या सरदारांना भूदासांसकट जहागिरी वाटत असे. १७६७ मध्ये तिने हुकूम काढला : धन्याविरुद्ध सम्राज्ञीकडे तक्रार करणाऱ्या भूदासाला चाबकाने फोडून काढा आणि जन्मभर सक्तमजुरीला नेर्चिन्स्कला पाठवा. नेर्चिन्स्क येथे काय होते? चांदीच्या खाणी!

ऑर्लोव्हच्या ताटातली चांदी तिथलीच होती, असा आमचा दावा नाही. मुद्दा एवढाच की, त्या राज्यात चांदी एकाच्या ताटात होती आणि दुसऱ्याच्या शिक्षेत. संच भेट दिल्याच्या पुढच्याच वर्षी, १७७३ मध्ये, पुगाचेव्हचे बंड पेटले. भूदासांना स्वातंत्र्याचे वचन देणाऱ्या पुगाचेव्हला १७७५ मध्ये मॉस्कोत ठार केले गेले. भूदासपद्धती कायद्याने संपायला १८६१ उजाडले.

कोणी म्हणेल, रशियाच्या ताटाशी आपला काय संबंध? संबंध आहे. तिथे पैसा मोजून सुटका विकत घेतलेले भूदास तरी होते. आपल्याकडे कोणी कोणत्या भांड्यात जेवावे, हेच धर्मशास्त्राने जन्मावरून ठरवून टाकले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला जेवायला फुटकी भांडी आणि अंगावर लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. ती मनुस्मृती बाबासाहेबांनी महाडला का जाळली, हे यातूनही कळते.

हे फक्त पोथीत राहिले नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी दोन उदाहरणे नोंदवली आहेत. इंदूर भागातल्या बलाई स्त्रियांवर सवर्णांनी घातलेल्या अटींत सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, ही एक अट होती. आणि अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये खात्यापित्या घरच्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. भांडी त्यांच्या स्वतःच्या पैशांची होती. चोरीचा आरोप नव्हता. गुन्हा एकच, मातीचे सोडून धातूचे भांडे हाती घेतले. पैसा आला तरी जात गेली नाही, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणून मित्रांनो, संग्रहालयात राजेरजवाड्यांची चांदी पाहाल तेव्हा मालकांच्या यादीखाली न लिहिलेली यादीही वाचा. आणि घरी येऊन आपली वंशावळ लिहा. आपल्या घरात पहिला पितळी हंडा कोणी घेतला? कोणत्या मजुरीतून? तो पाणवठ्यावर नेताना काय ऐकावे लागले? आजी आहे तोवर तिला विचारा. गाव आणि साल टाकून लिहून ठेवा. त्यांच्या ताटांची नोंद ठेवायला लिलावघरे आहेत. आपल्या हंड्याची नोंद आपणच ठेवली पाहिजे.

जय भीम!