आठवडा, इयत्ता आणि गोवंडीचा वर्ग

गोवंडीतील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत भाषा, गणित, परिसर अभ्यास यांच्या तासिका वारांवर वाटलेल्या असतात. सोमवारी आरंभ, रविवारी विराम, ही शिक्षणाची स्वाभाविक घडी होय असे शिक्षक व पालक दोघेही धरून चालतात. वस्तुतः महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाला ही घडी पडली ती एकोणिसाव्या शतकात.

पंतोजींच्या शाळेची सुटी वारावर नसे, तिथीवर असे. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी व चतुर्दशी हे अनध्यायाचे दिवस मनुस्मृतीत सांगितले आहेत. पंतोजींची शाळा ही वेदपाठशाळा नव्हे; तथापि अमावास्या-पौर्णिमेची सुटी तेथेही पाळली जाई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे विद्येची मोजणी काळावर नसून मजलीवर होती. धूळपाटीवर मुळाक्षरे घोटून झाली की बाराखडी, मग जोडाक्षरे, मग मोडीचा कित्ता. अंकांत पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी. (‘औट’ म्हणजे साडेतीन; संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’ यांची ही झीज. शाळेतील घोकंपट्टीने असे किती जुने शब्द जतन केले, याचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाही.) पेरणीसाठी घरी राहिलेला मुलगा परतला, की जेथे पाटी खाली ठेवली तेथूनच ती पुन्हा उचली. मागे पडणे ही कल्पनाच त्या रचनेत फारशी बसत नव्हती. याचा अर्थ ती शाळा उदार होती असा मात्र नव्हे. छडीचा धाक होताच. शिवाय मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींना तिचे दार सहसा बंद होते. जोतीराव फुले यांना १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढावी लागली, ती यामुळेच.

नवी घडी आली ती मोठ्या वळणाने. मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतील वाळूवर अक्षरे गिरवण्याची रीत उचलली, पुढे गेलेल्या मुलाकडून मागच्यांना शिकवण्याची जोड तिला दिली आणि १७९७ मध्ये लंडनहून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जोसेफ लँकेस्टर यांनी तत्सम पद्धतीला तुकड्या, आज्ञा व ठराविक वेळा यांची शिस्त लावली. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने हीच पद्धत ‘नवी’ म्हणून स्वीकारली. धूळपाटी अशा रीतीने सातासमुद्रांपार जाऊन घरी आली. परतताना तिने घड्याळ सोबत आणले.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते निघाले. क्रमिक पुस्तके, तपासनीस आणि वार्षिक परीक्षा यांच्या योगाने मुलांची विभागणी ‘इयत्तां’त झाली. संस्कृतात ‘इयत्ता’ म्हणजे ‘इतकेपणा’, परिमाण. इतके ज्ञान इतक्या मुदतीत, हा नव्या व्यवस्थेचा करार त्या एका शब्दात आला आहे. ‘आठवडा’ हा शब्द मात्र बाजाराच्या अंगाने आलेला असावा. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोके धरून मोजण्याची रीत त्यात दिसते. सरकारी शाळा रविवारी बंद राहू लागल्या, तरी गिरणीतल्या बापाला तो वार मिळाला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी लागू झाली. मुलाचा आठवडा आणि बापाचा आठवडा एक व्हावयास इतका काळ लागला.

गोवंडीत ते दोन आठवडे पुन्हा फुटलेले दिसतात. हा भाग १९५० मध्ये बृहन्मुंबईत आला. पुढे शहराच्या इतर भागांतून हटवलेली कुटुंबे येथे व आसपास वसवली गेली. देवनारच्या कचराभूमीवर वेचणी करणाऱ्यांना, जरीच्या कारखान्यांत दिवस काढणाऱ्यांना रविवार ठाऊक असतोच असे नाही. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी दोन दिवस घरी राहिलेली मुलगी बुधवारी वर्गात येते, तेव्हा धडा पुढे सरकलेला असतो. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक सर्वांत खाली होता, त्यातच गोवंडी मोडते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस व ८०० तास ठरवले. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रत्येक मुलाची कुवत पाहून लागेल ते जादा शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्य केले. पाटी जेथे ठेवली तेथून उचलण्याची सोय कायद्यात अशी परत आली. परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास, तयारीचा वेळ धरून, नमूद आहेत. त्यांतील किती या कामाचे, हे तेथे सांगितलेले नाही.